चाकणच्या गोदामात माणसांची वाट वेगळी केली, त्याची हकिगत

ज्यांच्या गोदामात फोर्कलिफ्ट (माल उचलून नेणाऱ्या गाड्या) आणि माणसं एकाच शटरमधून ये-जा करतात, आणि ज्यांना वरिष्ठांनी "हे जरा मार्गी लावा" एवढंच सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर्स आणि डिस्पॅच बघते. हे काम जून २०२३ मध्ये माझ्याकडे आलं आणि बरंचसं मार्च २०२४ पर्यंत उरकलं. सुरुवातीला शोधाशोध केली तेव्हा पोस्टरं आणि घोषणा ढिगानं मिळाल्या. पण रेलिंग ठोकायला कोणाचं पत्र लागतं, पैसे मंजूर व्हायला किती थांबावं लागतं, जमिनीवरचा रंग का उखडतो, हे कुठेच सापडलं नाही.

निमित्त झालं ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका प्रसंगाचं. दुपारी साडेतीनला शिफ्ट बदलते. त्या पंधरा मिनिटांत एक शिफ्ट बाहेर पडते, दुसरी आत येते, आणि नेमके त्याच वेळी दोन-तीन ट्रक डॉकला, म्हणजे माल चढवा-उतरवायच्या जागेला, लागलेले असतात. बाहेर पाऊस, म्हणून सगळेच शटरच्या आत गोळा झालेले. एका ट्रकचा क्लीनर चलन हातात घेऊन सही घ्यायला आत आला आणि कंटेनरमधून उलट्या बाहेर येणाऱ्या फोर्कलिफ्टच्या बाजूनं निघाला. ऑपरेटरनं स्टीअरिंग वळवलं आणि मागचा भाग क्लीनरच्या दिशेनं फिरला. माथाडी टोळीतल्या एकानं त्याला दंडाला धरून मागे ओढलं म्हणून तो वाचला. खरचटलंसुद्धा नाही.

कोणाला लागलेलं नसल्यानं बाहेर कळवण्याची गरज नव्हती. तेव्हा लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ८८ खालची सूचना मृत्यू झाला किंवा दुखापतीमुळे माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त काम करू शकला नाही, तर द्यावी लागायची. आमच्याकडे फक्त अंतर्गत 'निअर मिस', म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, फॉर्म भरला गेला. त्यात कारणाच्या रकान्यात आधीच लिहून आलं होतं : 'क्लीनरचा निष्काळजीपणा.' त्या शब्दावर फॉर्म बंद करायला मी सही दिली नाही. त्या माणसाला चलनावर सही हवी होती, आणि सहीचं टेबल डॉकच्या पलीकडे होतं. तो दुसरीकडून जाणार कुठून?

तेव्हा हजार किंवा जास्त कामगार असतील तर कायद्यानं सुरक्षा अधिकारी नेमावाच लागायचा. आमची संख्या त्याच्या निम्मीही नाही. महिन्यातून एकदा सल्लागार येतात, बाकी सुरक्षा समिती असते. समितीच्या जूनअखेरच्या बैठकीत विषय निघाला आणि इतिवृत्तात माझ्या नावापुढे लिहिला गेला. ते इतिवृत्त जपून ठेवा, पुढे पैसे मागताना तोच कागद उपयोगी पडतो.

ऑपरेटरच्या सीटवरून

सुरुवात ऑपरेटरांपासून करावी, हे मला आमच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरनं सुचवलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. ते म्हणाले, "ताई, कागदावर काही काढायच्या आधी एकदा वर बसून बघा." गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला, चावी मामांच्या खिशात. फोर्कवर, म्हणजे पुढच्या लोखंडी पात्यांवर, नेहमीच्या उंचीची खोक्यांची पॅलेट आणि फोर्क जमिनीपासून १५०-२०० मिलिमीटर वर, म्हणजे माल घेऊन चालताना ठेवतात तसे. मी बसले आणि माझ्या हाताखालचा मुलगा समोर चार मीटरवर उभा राहिला. मला तो दिसेना. पॅलेट काढल्यावर दिसला, पण दोन पावलं डावीकडे सरकला की मास्टच्या, म्हणजे फोर्क वर-खाली नेणाऱ्या पुढच्या सांगाड्याच्या, उभ्या पट्टीमागे पुरा गायब. मान हलवली की परत दिसायचा.

"उंच माल असला की उलटी चालवायची, तसं शिकवलंय आम्हाला," मामा म्हणाले. "आठ तास मान मागं वळवून चालवायची म्हणजे काय ते बघा. आणि माणूस दिसला तर मी थांबतोच हो. न दिसणाऱ्याचं मी काय करू?"

ज्या माणसाकडून 'नीट बघून चालवा' अशी अपेक्षा आहे त्याला मुळात काय दिसतं, हे बैठकीत बसणाऱ्या प्रत्येकानं एकदा त्या सीटवर बसून बघावं. आम्ही पुढे प्लांट हेड आणि अकाउंट्सच्या साहेबांनाही बसवलं. त्यानंतर चर्चेचा सूर बदलला.

मामांकडून आणि गाडीच्या सर्व्हिस इंजिनिअरकडून समजलेल्या आणखी काही गोष्टी इथेच सांगते. आमची गाडी ३ टनी, म्हणजे ३ टन उचलणारी. तिचं स्वतःचं वजन चार टनांच्या वर, कारण पुढच्या मालाला तोलायला मागे लोखंडी वजन (काउंटरवेट) बसवलेलं असतं. भरलेली गाडी सहा-सात टनांना सहज जाते. ताशी १० किलोमीटर हा वेग ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्या वेगानं गाडी सेकंदाला २.८ मीटर जाते. ऑपरेटरला माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तीनेक मीटर संपले. शिवाय माल घेऊन जाताना करकचून ब्रेक मारता येत नाही. माल पुढे घसरतो, नाहीतर गाडीच पुढे कलंडते. वळतात ती मागची चाकं, त्यामुळे पुढचं टोक डावीकडे वळताना मागचा भाग उजवीकडे झपकन बाहेर येतो. मोटारीची सवय असलेल्या माणसाला याचा अंदाज येत नाही, आणि शेजारून चालणारा नेमका याच भागानं चिरडला जाऊ शकतो. बॅटरीवरच्या गाड्यांचा तर आवाजही येत नाही. हॉर्न दिवसभर वाजत असतो, म्हणून तो कोणी ऐकत नाही.

लोक कुठे जातात

जुलैमध्ये लेआउटच्या ए-थ्री प्रती काढल्या. शिफ्ट बदलताना, चहाच्या वेळी आणि जेवणाच्या सुट्टीत एका कोपऱ्यात उभं राहून निळ्या पेन्सिलीनं माणसांच्या आणि लाल पेन्सिलीनं फोर्कलिफ्टच्या वाटा काढत गेले. दिवसपाळीबरोबर रात्रपाळीचीही एक प्रत हवी, कारण रात्री वाटा बदलतात. निळ्या रेघा पुन्हा पुन्हा चारच ठिकाणी जमत होत्या : डॉकच्या मागचा पाण्याचा कूलर, पलीकडच्या भिंतीवरचं पंचिंग मशिन, रॅकच्या गल्लीतून टॉयलेटकडे जाणारा आडवाटेचा रस्ता, आणि चलनाचं टेबल.

तो कागद बघितल्यावर मला जे वाटलं, ते आजही ठाम वाटतं. माणसाला तहान लागते, हजेरी लावावी लागते, सही लागते. त्यासाठी तो जवळची वाट धरणार. त्याला लांबच्या वाटेनं जायला सांगण्यापेक्षा कूलर आणि टेबल हलवणं सोपं आहे. म्हणून खरेदीची यादी करण्याआधी हलवाहलवीची यादी केली.

कूलर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हलला. प्लंबर आणि वायरिंग धरून नऊ हजारांच्या आसपास खर्च आला. तेवढी रक्कम देखभालीच्या खात्यातून निघाली, वेगळी मंजुरी लागली नाही. पंचिंग मशिननं मात्र जीव काढला. ते एचआरच्या ताब्यात, केबल आयटीची आणि कंत्राटी कामगारांची हजेरी वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये. तिघांच्या मेल्स एकमेकांकडे फिरत राहिल्या. ऑक्टोबर उजाडला तेव्हा ते मुख्य गेटजवळ लागलं. तुमच्याकडेही असं असेल तर पहिल्याच दिवशी तिन्ही खात्यांची माणसं मशिनसमोर उभी करा, मेल नंतर पाठवा.

चलनासाठी डॉकच्या बाहेरच्या भिंतीतली जुनी खिडकी उघडून घेतली. खिडकीच्या आत आमचा माणूस, बाहेर पत्र्याची शेड, बाकडं, पाणी. ट्रकचे ड्रायव्हर-क्लीनर बऱ्याचदा परराज्यातले असतात, रात्रभर चालवून आलेले असतात, आणि आमच्या आवारात त्यांना कोणी काही समजावून सांगितलेलं नसतं. त्यांना बसायला जागा मिळाल्यावर आत येणं जवळपास थांबलं. ट्रक लागला की चावी खिडकीत जमा करायची आणि चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, ही पद्धतही तेव्हाच सुरू केली. फोर्कलिफ्ट कंटेनरमध्ये असताना ट्रक पुढे सरकला तर काय होईल, याचा विचारही नको.

चालायला वेगळं दार हवं होतं. नवं दार पाडायचं तर इमारतीच्या मालकाची परवानगी आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून मंजूर नकाशात बदल करून घ्यावा लागला असता. सल्लागारांनी जुना मंजूर नकाशा काढला, तर उत्तरेच्या भिंतीत एक माणसांचं दार दाखवलेलं! जाऊन बघितलं तर ते होतंच, पण तुटक्या पॅलेटच्या थप्पीमागे. स्क्रॅपवाल्याला बोलावलं, कुलूप तोडलं, बिजागऱ्यांना तेल घातलं. काम झालं. आपला मंजूर नकाशा एकदा उलगडून बघाच.

पैसे

ऑगस्टअखेर प्रस्ताव दिला : रेलिंग, आपोआप बंद होणारी छोटी फाटकं, जमिनीवरचे पट्टे, रॅकच्या टोकांना बहिर्गोल आरसे, गाड्यांवर निळे दिवे. तीन कोटेशनं घेतली. रेलिंगचा दर मीटरला साडेतीन ते साडेचार हजारांमध्ये होता, इपॉक्सी पट्टा फुटाला चाळीस-पन्नास रुपये, मोठा आरसा तीन हजारांच्या आत, निळा दिवा अडीच हजारांच्या आसपास. सगळं मिळून साडेचार लाख, वर १८ टक्के जीएसटी. अकाउंट्सचा पहिला प्रश्न होता, "आजवर अपघात झालाय का?"

मी भावनिक काही बोलले नाही. जूनचं इतिवृत्त, निळ्या-लाल रेघांचा कागद आणि कारखाना अधिनियमाचं कलम ७ अ जोडलं. कामगारांची सुरक्षितता, आरोग्य आणि कल्याण जमेल तितकं जपणं हे भोगवटादाराचं, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे त्याचं, कर्तव्य आहे, असं ते कलम सांगायचं. भोपाळनंतर १९८७ साली झालेल्या दुरुस्तीनं ते कायद्यात आलं. गणपतीच्या सुट्टीमुळे फाईल अडकली आणि अनंत चतुर्दशी झाल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मंजुरी आली, पण साडेतीन लाखांची. एवढ्यात काय बसवायचं यावर समितीत वाद झाला. काहींचं म्हणणं, संपूर्ण गोदामात पट्टे मारून घेऊ, दिसायला छान दिसतं, ऑडिटला चांगलं. मी अडून बसले. सहा टनांची गाडी पिवळा पट्टा अडवू शकत नाही. पट्टे कमी करा, पण शिफ्ट बदलाच्या वाटेवर आणि डॉकजवळ लोखंडच हवं. तसंच ठरलं.

यानंतर आणखी एक थांबा होता. आमची शेड भाड्याची आहे. जमिनीत बोल्ट मारायचे तर मालकाची लेखी संमती लागते, करारात तसं कलम होतं. सोडून जाताना जमीन पूर्ववत करून देऊ असं लिहून दिल्यावर पत्र मिळालं, तोवर दसरा येऊन गेला. खंडेनवमीला, २३ ऑक्टोबरला, गाड्यांची पूजा झाली. दरवर्षी मास्टवर झेंडूच्या माळा सोडतात. या वेळी मामांनी स्वतःच माळा काउंटरवेटवर मागे बांधल्या, समोरचं दिसायला हवं म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीत

रेलिंग आणि रंगाचं काम दिवाळीच्या बंदमध्ये घेतलं. यात शिकण्यासारखं बरंच होतं.

ड्रिल सुरू करण्याआधी सल्लागारांबरोबर खडूनं सगळी रेघ जमिनीवर काढली. बरं झालं, एक हायड्रंट पॉइंट (आग विझवायच्या पाण्याचा नळ) रेलिंगच्या मागे अडकत होता आणि आपत्कालीन दाराकडची वाट अरुंद होत होती. खांब सरकवले. माणसांना गाडीपासून वाचवताना आगीत कोंडायचं नाही.

रेलिंगच्या खालच्या बाजूला जमिनीलगत पट्टी हवीच. नुसत्या दोन आडव्या नळ्या असल्या तर फोर्कची पाती खालून आरपार जातात आणि पलीकडच्याचे पाय सापडतात. फाटक उघडण्याची दिशा महत्त्वाची : ते माणसाच्या बाजूला, आतल्या बाजूला उघडलं पाहिजे. म्हणजे माणसाला थांबून, फाटक ओढून, मग पुढे यावं लागतं. ढकलून सरळ गाडीच्या वाटेत पाऊल टाकता येत नाही. ठेकेदारानं पहिलं फाटक उलटं बसवलं होतं, ते काढून पुन्हा बसवून घेतलं.

रंगासाठी जमीन घासून, तेल काढून, पूर्ण कोरडी करावी लागते. घाई केलेल्या जागा जानेवारीतच उखडल्या. जिथे गाडी जागेवर वळते तिथे तर टायर रंग ओरबाडूनच काढतात, तिथे पट्ट्यावर पैसे घालू नका. रंगावर चालायला दुसऱ्या दिवशी चालतं, पण गाड्या जाण्याइतका तो पक्का व्हायला आठवडा द्यावा. म्हणूनच हे काम बंदमध्ये घ्या.

आरसे उपयोगी आहेत, पण धूळ बसली की ते असून नसल्यासारखे. शनिवारच्या सफाईत आरसे पुसणं लिहूनच टाकलं. निळा दिवा गाडीच्या पुढे-मागे काही मीटरवर जमिनीवर ठिपका टाकतो. रॅकच्या अंधाऱ्या गल्लीत गाडी यायच्या आधी ठिपका येतो आणि पावलं थांबतात. उघड्या डॉकवर दुपारच्या उन्हात तो दिसत नाही, तिथे त्याच्यावर विसंबू नका. चमकदार जॅकेट सगळ्यांना दिली, तेव्हा शंभर-सव्वाशे रुपयांत मिळाली. पण ती शेवटची गोष्ट आहे. पॅलेटमागे न दिसणारा माणूस जॅकेट घालूनही दिसत नाही.

वेग सर्व्हिस इंजिनिअरकडून गाडीच्या कंट्रोलरमध्येच ताशी ८ किलोमीटरवर बांधून घेतला. त्यावर डिस्पॅचच्या लोकांची कुरकुर झाली, ट्रक वेळेवर सुटणार नाहीत म्हणून. पहिल्या आठवड्यात उशीर झालाही. मग माणसं आडवी येईनाशी झाली, गाडीला वाटेत थांबावं लागेनासं झालं, आणि डिसेंबरच्या आकड्यांत फरक दिसेना.

माथाडी टोळी

सगळ्यात नाजूक बोलणं इथलं होतं. माथाडी कामगार १९६९ च्या कायद्याखाली मंडळामार्फत येतात, आमच्या पगारावर नसतात. त्यांची मजुरी कामाच्या मापावर. फोर्कलिफ्ट कंटेनरमध्ये असताना टोळीनं बाहेर थांबायचं, हा नियम मी मांडला, तर मुकादम शांतपणे म्हणाले, "मॅडम, आम्ही थांबलो तर आमचा रोज कोण देणार?"

रास्त प्रश्न होता, आणि त्याचं उत्तरही त्यांच्याकडूनच आलं. दोन डॉक आहेत. एका ट्रकमध्ये टोळी काम करेल तेव्हा गाडी दुसऱ्या ट्रकला, आणि मग अदलाबदल. टोळी आत असली की दाराला लाल साखळी लावायची, साखळी काढायचा हक्क फक्त मुकादमांचा. ट्रक जोडीनं लावायचे म्हणून सिक्युरिटीच्या गेटवरचं वेळापत्रक बदलावं लागलं, पण गेल्या काही महिन्यांत ही पद्धत कोणी मोडल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. रेलिंगपेक्षाही मला हा तोडगा मोलाचा वाटतो, आणि त्याला फक्त साखळीचा खर्च आला.

ऑपरेटरांसाठी फोटोचं अधिकारपत्र, वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी, आणि शिफ्टच्या सुरुवातीला ब्रेक, हॉर्न, फोर्क, साखळ्या, टायर, तेलगळती आणि सीटबेल्ट तपासून सही. अधिकारपत्राशिवाय चावी मिळत नाही. रात्रपाळीला 'जरा एक पॅलेट सरकवतो' म्हणून कोणीही गाडीवर बसायचं, ते यानं बंद झालं.

जानेवारीनंतर

जानेवारीत मला दोन-तीनदा माणसं रेलिंग ओलांडताना दिसली, नेहमी सकाळी दहाच्या सुमारास आणि एकाच ठिकाणी. कोणाला रागवण्याआधी तिथे उभी राहिले. चहाची गाडी पलीकडच्या बाजूला लागत होती. कँटीनवाल्या दादांना सांगून ती अलीकडे घेतली. ओलांडणं संपलं.

निअर मिसचे फॉर्म मात्र वाढले आणि वरून विचारणा झाली की एवढा खर्च करून प्रकार वाढले कसे. मी रजिस्टर घेऊन गेले. आधीचे फॉर्म कोणी भरतच नव्हतं. आता हाउसकीपिंगच्या ताई लिहून देतात की अमक्या गल्लीत आरसा तिरका झालाय, गाडी दिसत नाही. मराठी आणि हिंदी, दोन्हींत छापलेला फॉर्म, आणि लिहिता येत नसेल तर लेआउटच्या छोट्या चित्रावर फुली मारायची, एवढीच सोय केली होती. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या कार्यक्रमात यंदा शपथ झाल्यावर आम्ही प्रत्येक खात्यातल्या माणसांना बंद गाडीच्या सीटवर बसवलं. रांग जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालली.

काम पूर्ण झालेलं नाही. मंजुरीत कापल्या गेलेल्या पैशांत स्क्रॅप यार्डाकडची क्रॉसिंग राहून गेली. ती उघड्यावर आहे, पावसात तिथे गाडीही घसरते आणि माणसंही छत्री धरून खाली मान घालून चालतात. तिथे पन्हाळी पत्र्याची झाकलेली पायवाट आणि बारा मीटर रेलिंग हवं. नव्या आर्थिक वर्षाच्या बजेटसाठी कोटेशनं मागवली आहेत, मालकाकडे दुसऱ्या पत्राचा अर्ज गेला आहे. तोवर शिफ्ट बदलाच्या पंधरा मिनिटांत यार्डाकडे एकही गाडी जाणार नाही, असं आम्ही आणि ऑपरेटरांनी मिळून ठरवलंय. तुमच्यापैकी कोणी उघड्या आवारात असं काही केलं असेल, विशेषतः पावसाळ्यात टिकणारा पट्टा किंवा फरशी वापरली असेल, तर मला कळवा. जूनच्या आत काम व्हायला हवं.